झाडाचं कलम, केराचं कलम : सीमाभागातल्या शिवजयंती मंडळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव शहर, बेळगाव तालुका, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या समस्त शिवजयंती मंडळांचे पदाधिकारी व कार्यकर्ते

जय शिवराय.

वैशाख शुद्ध द्वितीया जवळ येऊ लागली की आपल्याकडे गल्लोगल्ली बैठका बसतात. यंदा देखावा कुठला, ट्रॅक्टर कुणाचा, जनरेटर कुठून आणायचा, अफझलखानाच्या मापाचा माणूस कोण, हे विषय रात्री बारा-एकपर्यंत चालतात. शंभरावर वर्षांची ही परंपरा आहे आणि तिचा अभिमान मलाही तुमच्याइतकाच आहे. चंदगड-खानापूरकडून आलेली माणसं चित्ररथ बघायला पहाटेपर्यंत रस्त्याकडेला बायकापोरांसह बसून राहतात, ती उगीच नाही. मी निवृत्त शिक्षिका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडून बाराखडी मीच गिरवून घेतली आहे, तेव्हा चार शब्द स्पष्ट लिहिले तर राग मानणार नाही अशी आशा आहे. मानलात तरी लिहिणार.

विषय महाराज आणि झाडांचा आहे. दर जयंतीला आणि दर ५ जूनला, पर्यावरण दिनाला, फोनवर एक चित्र हमखास येतं. महाराज, मागे हिरवं रान, खाली ‘आंबे, फणस यांना हात लावू नका’, आणि त्याखाली मंडळाचं नाव नि अध्यक्षांचा फोटो. फोटो महाराजांच्या चित्रापेक्षा थोडासाच लहान असतो. मजकूर खोटा नाही. पण तो ज्या कलमातून उचलला आहे ते पुरतं वाचलं असतं, तर इतक्या सहज पुढे ढकलायचं धाडस झालं नसतं, असं माझं मत आहे.

ते कलम आज्ञापत्रातलं. रामचंद्रपंत अमात्य बावडेकरांनी ते १७१५ च्या सुमारास लिहिलं, म्हणजे महाराज जाऊन पस्तीसेक वर्षं झाल्यावर, कोल्हापूरच्या गादीवर दुसरे संभाजीराजे असताना. तेव्हा महाराजांचं स्वतःचं पत्र म्हणून ते फिरवू नये. पण पंत काही ऐकीव गोष्टी सांगणारे गृहस्थ नव्हते. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी ते अष्टप्रधानांत होते, पुढे संभाजीराजे, राजाराम महाराज, ताराबाई अशा सगळ्यांच्या अमदानीत त्यांनी कारभार ओढला. थोरल्या महाराजांचं राज्य कसं चालायचं हे ज्यांनी जवळून बघितलं, त्या माणसाने उतारवयात नव्या राजाच्या हाती दिलेला हा कारभाराचा कित्ता आहे.

आता ते कलम बघा. ते रानावनाच्या प्रेमाने लिहिलेलंच नाही, आरमाराच्या प्रकरणात येतं. एका बाजूला सिद्दी, एका बाजूला फिरंगी, मुंबईत इंग्रज. गलबतं बांधायची तर फळ्या हव्यात, सोट हवेत, डोलकाठ्या हव्यात, आणि त्यासाठी थोर लाकूड हवं. म्हणजे राज्याच्या जिवावरची गरज. तरी पंत लिहितात, आपल्या अरण्यात सागवानासारखी झाडं आहेत त्यांतलं जे लागेल ते हुजुरांना लिहून, परवानगी घेऊन तोडा. त्यावर आणखी लागलं तर परमुलखातून विकत आणा. आंब्या-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचंच आहे, पण त्याला हात लावू देऊ नका. का, तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून ‘लेकरासारखी’ बहुत काळ जतन केलेली असतात; ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार काय? एकाला दुःख देऊन जो कार्य करीन म्हणेल त्याचं ते कार्य त्याच्यासकट थोड्याच काळात बुडून जातं, असंही पंत तिथेच बजावतात. आणि एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तरी धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. बळजोरी अजिबात करू नये.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या दोन वाक्यांवर उभं आहे. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे रयतेला सांगणं सोपं असतं. शाळेच्या भिंतीवर तेच रंगवून आमची नोकरी सरली. हा हुकूम रयतेला नाही, सरकारी माणसाला आहे. कुऱ्हाड सरकारची, शिपाई सरकारचा, गरज सरकारची, आणि तरी राजाचा माणूस एका कुणब्याच्या परसात उभा राहून म्हणतो, बाबा, देतोस का, किती घेशील, मनापासून देतोस ना? तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्याने स्वतःच्या हाताला घातलेला हा लगाम आहे. आजकाल पर्यावरणाच्या नावाने जे बोललं जातं त्यात हिरवळ भरपूर असते, हा धनी कुठेच नसतो.

माझं माहेर जांबोटीच्या बाजूचं. तिकडे फणसाला मालक असतो म्हणजे काय असतं, ते शहरात वाढलेल्या पोरांना कळायचं नाही. आमच्या परड्यातला फणस पणज्याने लावलेला. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन मोजून वाटली, भांडी मोजून वाटली, फणस मात्र फांद्यांवर वाटला. पूर्वेची मोठी फांदी धाकट्या चुलत्याची, बुंध्यावर लागणारे फणस आजीच्या नावावर, ती आहे तोवर. बुंध्याचे फणस सगळ्यांत मोठे, म्हणून त्यावरनं दोन घरांत बोलणं बंद पडल्याचंही आठवतंय. पण लाकडाचा व्यापारी पैसे घेऊन दारात आला तेव्हा दोन्ही घरं एका ओट्यावर बसली आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. ‘लेकरासारखी’ हा शब्द पंतांना कारकुनी करताना सुचलेला नाही. ते बावड्याचे, घाटमाथ्यावरची फणसाची घरं त्यांनी पाहिलेली होती.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. त्यातही हाच हिशेब. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आत्ताच वाटेल तसा उडवलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं उचलायला लागाल आणि लोक म्हणतील, याहून मोगल बरा. राजाला गवताच्या गंजीची काळजी होती आणि तिच्या आडून रयतेची. तुमच्या देखाव्यांत ही गंजी मी आजवर पाहिली नाही. आग्र्याचे पेटारे मात्र दरवर्षी दोन तरी असतातच.

आता केराचं कलम. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

गडकोटांच्या प्रकरणात पंत सांगतात की गडावर वाटांवर, बाजारात, तटाजवळ केरकसपट पडू देऊ नये. आणि पुढचं फार महत्त्वाचं : झाडलेला केर गडाखाली टाकायचा नाही. जागच्या जागी जाळायचा आणि राख परसात घालून घरोघरी होईल तेवढा भाजीपाला करायचा. (आजचा प्लॅस्टिक मिसळलेला केर जाळू नका, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर ‘बाई म्हणाल्या’ म्हणून चौकात शेकोटी पेटेल.) गडाखाली टाकायचा नाही, कारण गडाखाली कुणीतरी राहतं.

आमचं शेत जुने बेळगावच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या कडेला. म्हणजे तुमच्या गडाच्या खाली. शहराचं जे काही वाहून यायचं ते नाल्यातून आमच्याकडे येतं, आणि पावसाळ्यात नाला फुगला की भातात पसरतं. बेळगाव बासमती ज्या मातीत व्हायची ती ही माती. एका जुलैत पाणी ओसरल्यावर चिखलात काहीतरी पांढरं दिसलं म्हणून जवळ गेलो, तर थर्माकोलचा बुरूज. जंग्या कोरलेल्या, वर दगडाच्या चिऱ्यांचा रंग दिलेला, भगव्या झेंड्याची काठी अजून रोवलेली. पोरांनी रात्र रात्र जागून केलेलं काम होतं ते, कोरणाऱ्याचा हात चांगला होता हे कबूल. उचलायला गेलं तर हातात भुगा यायचा. ते बारीक पांढरे मणी रोपांच्या बुडाशी, बांधाच्या कडेला, बेडकांच्या अंड्यांमध्ये. माझ्या सुनेने चाळणी घेऊन काढून बघितले, निघत नाहीत. नांगरटीला अजून वर येतात.

कुठल्या मंडळाचा बुरूज ते मला समजलं, नाव लिहीत नाही. त्यांच्यातला एक जण माझाच विद्यार्थी, त्याला विचारलं. म्हणाला, “बाई, मिरवणूक संपते सकाळी सात-आठला. पोरं दमून पडलेली असतात. ट्रॉली रिकामी करून द्यायची असते ओ, नाहीतर ट्रॅक्टरवाला दुसऱ्या दिवसाचं भाडं लावतोय. जागा मिळेल तिथं ओततोय.” खोटं काहीच बोलला नाही पोरगा. चार महिने आधी देखावा ठरतो, केर मात्र कुणाच्याच यादीत नसतो. कर्नाटकात २०१६ पासून फ्लेक्स आणि प्लॅस्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे, म्हणजे सरकारचा हुकूमही तुमच्या बैठकीत बसलेलाच आहे, फक्त त्याला कुणी बोलू देत नाही.

पाण्याचंही एक कलम आहे. गड बांधायचा तर आधी पाणी बघावं. झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून राखीव दोन-चार टाकी ठेवावीत आणि त्यातलं पाणी एरवी खर्चू नये. येळ्ळूरच्या राजहंसगडावर महाराजांचा भव्य पुतळा बसला, २०२३ च्या मार्चमध्ये त्याचं तीन दिवसांच्या अंतराने दोनदा अनावरण झालं, एकदा या पक्षाचं, एकदा त्या पक्षाचं. दोन्ही वेळा गर्दी उसळली. गडावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, विहीर आहे. दोन्हींतल्या एकाही दिवशी भाषणात विहिरीचा उल्लेख झाल्याचं माझ्या तरी कानी आलं नाही. मंडळांना गडावर काही करायचं असेल तर ती विहीर आहे. आमच्या शहरात जुन्या विहिरी कमी नाहीत. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर तर सगळ्यांना माहीत आहे. गल्लीतल्या विहिरीवर लोखंडी जाळी टाकून तिच्यावर मंडप घालण्याऐवजी ती उपसा.

तुम्ही म्हणाल, तीनशे वर्षांपूर्वीचं राज्य वेगळं होतं. मग जरा अलीकडच्या राजाकडे या, जो आपलाही होता. रायबाग आणि कटकोळ हे आज बेळगाव जिल्ह्यात असलेले भाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होते, म्हणजे राजर्षी शाहू महाराज इथल्या काही जणांच्या पणजोबांचे सरळ राजेच. १८९४ ला गादीवर बसले आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळ बघितला. १९०८ च्या सुमारास भोगावतीच्या काठी राधानगरी वसवून त्यांनी धरण हाती घेतलं. एवढ्याशा संस्थानाने एवढं मोठं धरण! १९१८ पर्यंत भिंत चाळीसेक फूट चढली आणि पैशांअभावी काम थांबलं. १९२२ ला महाराज गेले. पुरं झालेलं धरण त्यांनी पाहिलं नाही. ते व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तिथलं पाणी भोगावतीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि कृष्णेतून आपल्या चिकोडी, रायबाग, अथणीच्या शिवारात येतं. मध्ये कुठे राज्याची हद्द लागते, पाण्याला पत्ता नसतो. पावसाळ्यात राधानगरीचे किती दरवाजे उघडले हे कोल्हापूरकर जितक्या काळजीने बघतो तितक्याच काळजीने कृष्णाकाठचा चिकोडीकर बघतो. २०१९ च्या पुरात तुमच्यापैकी किती मंडळांनी जेवणाच्या पंगती उठवल्या, चादरी गोळा केल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात एक कार्यकर्ता कुठल्या भाषेचा पूरग्रस्त आहे ते विचारत नव्हता.

शाहू महाराजांनाही उगीच संत करायला नको. ते कसलेले शिकारी होते; राधानगरीजवळचं दाजीपूरचं रान राखलं ते राजाच्या शिकारीसाठी. पण राखलं, म्हणून राहिलं. १९५८ ला तिथेच महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं, गव्यांचं, आणि २०१२ ला पश्चिम घाटाची जी ठिकाणं जागतिक वारसा ठरली त्यांत राधानगरी आहे. राजाचा हेतू आणि त्याचा परिणाम नेहमी एका मापाचे नसतात. आरमारासाठी लाकूड मोजता मोजता रयतेच्या फणसाचं कलम निघालं तसंच हे. आपल्याकडे खानापूर तालुक्यात भीमगडाचं रान आहे, २०११ ला अभयारण्य झालेलं, महादयीचं उगमाचं पाणी जिथे जमतं ते. त्या भीमगडाशीही महाराजांचं नाव जोडलेलं आहे. तिथल्या गावांच्या पुनर्वसनाची चर्चा निघते तेव्हाही मला ती दोनच वाक्यं आठवतात : राजी करून, त्याच्या संतोषाने. रान राखायचं म्हणून माणसावर बळजोरी, हेही त्या कलमात बसत नाही.

आणि इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. महाराजांच्या नावाचं वजन या भागात जितकं तुमच्या हाती आहे तितकं कुणाच्याच हाती नाही. आमदार, खासदार, अधिकारी, सगळे पालखीला खांदा द्यायला येतात. कुठल्याही पक्षाचा असो, येत नाही अशी कुणाची छाती नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची तिबार पिकाची जमीन गेली. शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले आणि उभ्या पिकात यंत्रं उतरलेली अख्ख्या बेळगावने पाहिली. खानापूरकडून गोव्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेची जुनी झाडं रुंदीकरणात गेली. रस्ते नकोत असं माझं म्हणणं नाही. आरमारही हवंच होतं. प्रश्न हा की धन्याला कुणी विचारलं का, आणि नसेल विचारलं तर पालखीला खांदा द्यायला आलेल्या माणसाला तुम्ही ते विचारलंत का. एखाद्या वर्षी त्याच्या हातात नारळाबरोबर हे कलम छापून द्या. वाचायला लावा, माईकवर. तेवढा वेळ आपल्याकडे असतो. सत्काराच्या शाली याहून जास्त वेळ खातात.

देखाव्याबद्दलही सुचवते. अमात्य म्हातारे, समोर कंदील, कारकून लिहितोय; दुसऱ्या बाजूला परसात फणस, त्याच्याखाली कुणबीण उभी आणि आरमाराचा शिपाई टोपी काढून किंमत विचारतोय. वाटतं तितकं नीरस होणार नाही, शिपायाला चांगला नट घाला. फणस कापडाचा नि बांबूचा करा. बुरडांकडे अजून कसब आहे, त्यांना काम मिळेल. दिवाळीत आपलीच पोरं अंगणात किल्ले करतात, माती, दगड, गोणपाट, त्यावर मोहरी नि हळीव पेरून चार दिवसांत हिरवा डोंगर उभा करतात, आणि सण झाला की सगळं परत मातीत. थर्माकोलचा एक कपचा लागत नाही. तीच पोरं मोठी होऊन मंडळात आली की हे का विसरतात, मला न सुटलेलं कोडं आहे.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी जो वड आहे, त्याला लेकरू व्हावं म्हणून माणसं पाळणे बांधतात. कन्नड बोलणारी बांधतात, मराठी बोलणारीही बांधतात. त्या वडाला अजून कुणी हात लावायचं धाडस केलेलं नाही. वीराच्या नावाने झाड वाचतं हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही, एवढंच सांगायचं आहे.

यंदाच्या मिरवणुकीपुरती माझी मागणी मोठी नाही. बैठकीच्या यादीत देखावा, ट्रॅक्टर, जनरेटर यांच्याखाली ‘केर’ हा चौथा विषय घ्या आणि त्याला एक नाव लावा, जबाबदार कार्यकर्त्याचं, टोपणनाव नको. थर्माकोल आणि फ्लेक्स बंद. ताक, पुलाव वाटाल तो पत्रावळीत किंवा लोकांना घरून वाटी आणायला सांगा, आणतात. चित्ररथ उंच केला म्हणून वाटेतल्या झाडाची फांदी तोडायची नाही. फांदी मोजून रथ बांधा. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून आमचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली कपिलेश्वराजवळ उभी असेल, माझा मुलगा चालवेल, भाडं घेणार नाही. डिझेल मंडळांनी वाटून घालायचं. भरायला पोरं तुमची. आणि ट्रॉली कुठे रिकामी करायची ते आधी ठरवून मला लेखी कळवायचं, नाल्याकडे मी नेऊ देणार नाही.

आपली,
जुने बेळगावची एक शेतकरी आणि तुमच्या बाई